बाटली नको, सांगावा पाहिजे

कविता म्हणजे समुद्रात सोडलेली बाटली. आत चिठ्ठी. ज्याला सापडेल त्याला सापडेल.

हे वाक्य आता फार झालं. प्रस्थापितांच्या संमेलनांत ते होतंच. पण हल्ली आपलीही पोरं माईकसमोर उभी राहून तेच म्हणायला लागलीत. मी लिहितो आणि सोडून देतो, वाचक कोण ते मला ठाऊक नाही, शंभर वर्षांनी कुणीतरी उघडेल. पुढच्या रांगेतले लोक टाळ्या वाजवतात. त्यांनी का वाजवू नयेत? बूच मारून बाटलीत बसलेला दलित कुणाला नको असतो? तो मोर्चात येत नाही, नाव घेऊन विचारत नाही, पाणवठ्याचा हिशोब मागत नाही. तो तरंगतो. तरंगणाऱ्याचं कौतुक करायला कुणाचं काय जातं?

म्हणून हे लिहितोय. भांडायला लिहितोय, आणि आधी आपल्याच पोरांशी भांडायला लिहितोय.

दोस्तहो, आपण जालन्यातले. आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही. मुंबईचा समुद्र बघायचा तर देवगिरी एक्सप्रेसमध्ये रात्र काढावी लागते. आपल्याकडं कुंडलिका आहे. तिच्यात बाटली सोडली तर नकाशाप्रमाणं ती दुधनेत जावी, दुधनेतून पूर्णेत, पूर्णेतून गोदावरीत आणि मग पार बंगालच्या उपसागरात. नकाशावर सगळं सोपं असतं. वाटेत बंधारे आहेत, धरणं आहेत, आणि आधी मुळात नदीला पाणी पाहिजे. १९७२ चा दुष्काळ आपल्या म्हाताऱ्यांनी खडी फोडून काढला. २०१२-१३ चा आपण पाहिला. जालना शहर टँकरच्या रांगेत उभं होतं. ज्या मुलखात प्यायला पाणी नाही तिथल्या कवीनं चिठ्ठी पाण्यात सोडायची? ही उपमा आपल्या जमिनीत उगवलेली नाही. ती उचलून आणलीय, आणि उचलताना तिच्या खाली काय आहे ते कुणी पाहिलं नाही.

आपण पाहू.

समजा सोडली बाटली. समजा लागली किनाऱ्याला. उचलणार कोण? फिरायला आलेला रसिक? तो चपला हातात घेऊन लाटा मोजत असतो. बाटली उचलते कचरा वेचणारी बाई. ती बाई कोण, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. पुण्यात १९९३ साली या बायांची संघटना उभी राहिली. तिचं नावच कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. त्यातल्या बहुतेक बाया आपल्याच, गावकुसाबाहेरून शहराच्या उकिरड्यावर आलेल्या. आता त्या नावाकडं नीट बघा. कागद आणि काच. तुमची अख्खी उपमा त्या बाईच्या गोणीत आहे. ती बाटली फोडणार नाही, कारण फुटलेल्या काचेला भाव कमी. ती चिठ्ठी काडीनं बाहेर काढील, कागद एका गोणीत, काच दुसऱ्या गोणीत. तुझ्या चिठ्ठीत तिच्याच दुःखाची कविता असेल. ती रद्दीच्या भावानं जाईल. कारण तिला वाचता येत नाही, आणि तू तिला वाचून दाखवायला तिथं नाहीस. तू तर सोडून देऊन मोकळा झालास.

हा बाटलीचा पहिला गुन्हा. ती लिहिणाऱ्याला मोकळं करते.

बरं, खऱ्या बाटल्यांचं काय? तेही बघू. २०१८ साली ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर वाळूत एक जुनी दारूची बाटली सापडली. आत गुंडाळलेला कागद. जर्मनांच्या 'पाउला' नावाच्या जहाजावरून १२ जून १८८६ ला हिंदी महासागरात टाकलेली. १३१ वर्षांनी हाताला लागली. आपले कवी म्हणतील, बघा, शेवटी पोचली! पण त्या कागदावर काय होतं ते ऐका. कविता नव्हती. जहाजाचं नाव होतं, तारीख होती, बाटली कुठं टाकली तो अक्षांश-रेखांश होता. आणि सापडणाऱ्याला विनंती होती, की ही चिठ्ठी कुठं आणि कधी सापडली ते लिहून हँबुर्गच्या वेधशाळेकडं किंवा जवळच्या जर्मन वकिलातीत पोचवा. समुद्राचे प्रवाह मोजायला त्यांनी अशा हजारो बाटल्या टाकल्या होत्या. ही बाटली खरी की खोटी ते कसं ठरलं? जहाजाच्या कप्तानाची वही दप्तरात जपून ठेवलेली होती. तिच्यात त्याच तारखेला बाटली टाकल्याची नोंद निघाली.

म्हणजे खऱ्या बाटलीच्या मागं पत्ता होता, कचेरी होती, वही होती, वही सांभाळणारा माणूस होता. नशिबावर सोडलेली बाटली फक्त कवितेत असते. ज्यांना खरंच काही कळवायचं होतं त्यांनी पत्ता लिहिला. आणि पत्ता लिहूनही हजारोंतल्या थोड्याच परत आल्या. मग बिनपत्त्याच्या बाटलीचा हिशोब तुम्हीच करा.

आता कुणी शिकलेला उठेल आणि म्हणेल, पाउल त्सेलान काय म्हणाला ते तुला माहीत आहे का? आहे. वाचलंय, भाषांतरातून, पण वाचलंय. हा यहुदी कवी १९५८ साली ब्रेमेन शहरात बोलताना म्हणाला, की कविता बाटलीतल्या चिठ्ठीसारखी असू शकते, कधीतरी कुठंतरी किनाऱ्याला लागेल या आशेवर सोडलेली. त्याला मी हसणार नाही. त्याचे आईबाप नाझींच्या छळछावणीत गेले. ज्या भाषेत त्यांना मारायचे हुकूम सुटले त्याच जर्मन भाषेत त्याला लिहावं लागलं. ज्यांना चिठ्ठी द्यायची ती माणसंच जाळून टाकली तर माणूस पाण्याला देईल नाही तर कुणाला? तरी तोही तिथंच थांबला नाही. कविता कुणाकडं तरी निघालेली असते, बोलण्याजोग्या कुणा 'तू'कडं, हेही त्यानं त्याच भाषणात सांगितलं. आपल्या लोकांनी तेवढी बाटली उचलली आणि 'तू' किनाऱ्यावर टाकून दिला.

आणि त्याच काळात वॉर्सातल्या यहुदी वस्तीत काय झालं तेही वाचा. इमॅन्युएल रिंगेलब्लूम नावाच्या इतिहासकारानं पन्नास-साठ माणसं जमवली. वस्तीत रोज काय घडतंय ते त्यांनी लिहून काढलं. रेशनची कार्डं, पोरांचे निबंध, भिंतीवरची पत्रकं, मरणाऱ्यांची पत्रं, सगळं गोळा केलं. पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून जमिनीत पुरलं. पेट्या १९४६ ला निघाल्या, कॅन १९५० ला. तिसरा साठा अजून सापडलेला नाही. पेट्या का निघाल्या? त्या साठांतले जे दोन-तीन जगले, त्यांच्यातल्या एकाला जागा ठाऊक होती. तो त्या ढिगाऱ्यावर गेला आणि बोट दाखवलं, इथं खणा. पत्रा कितीही जाड असो, जागा सांगणारा माणूस राहिला नाही तर कागद मातीचा होतो.

एवढं लक्षात ठेवा, आणि आता घरी या. आपल्या मराठीत या.

तुकारामाच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या. शूद्रानं वेदाचा अर्थ सांगितला हा गुन्हा. तेरा दिवसांनी वह्या कोरड्या वर आल्या असं कीर्तनकार सांगतात. नदीला हात जोडायला सांगतात, वह्या बुडवायला कुणी लावलं ते पटकन सांगून पुढं जातात. मी म्हणतो, नदीनं कुणाच्या वह्या वाचवलेल्या नाहीत. वह्या वाचल्या त्या लोकांच्या तोंडात. चाकणच्या संताजी जगनाड्यासारख्या तेल्यानं लिहून ठेवल्या, बायाबापड्यांनी जात्यावर पाठ केल्या. आणि ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तेव्हा त्याच्या माथ्यावर त्याच तुकारामाचा अभंग होता. बुडवलेली वही तिथं किनाऱ्याला लागली. लाटेनं आणून टाकली नाही, माणसांनी तोंडातून तोंडात, हातातून हातात आणली.

आपल्या हद्दीला लागून देऊळगाव राजा तालुक्यात मेहुणा राजा आहे. तिथला चोखा. देवळाच्या पायरीबाहेर उभा राहून त्यानं अभंग केले. त्याला लिहिता येत नव्हतं, लिहून घेणारा दुसरा होता असं परंपरा सांगते. मंगळवेढ्याला वेठीला लावलेल्या भिंतीखाली तो मेला. त्याचं जे आपल्यापर्यंत आलं ते गाणाऱ्यांनी आणलं. जे नाही आलं ते किती, हे कोण सांगणार?

आणि मुक्ता साळवे. मांगाची पोर, वय १४, जोतिबा-सावित्रीच्या शाळेत शिकलेली. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये तिचा निबंध छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. तो कुणासाठी लिहिला? कुणाही सापडणाऱ्यासाठी नाही. पेशवाईत काय झालं ते ती जाब विचारल्यासारखं मांडते आणि शेवटी आपल्याच मांग-महारांना हाक मारून सांगते, ज्ञान घ्या. चौदा वर्षांच्या पोरीला पत्ता ठाऊक होता. आपल्या पुरस्कारवाल्या कवींना तो ठाऊक नाही!

'मूकनायक'ची जाहिरात 'केसरी'नं पैसे देऊनही छापली नाही. बाबासाहेब म्हणाले का, असू द्या, बाटलीत घालू? 'मूकनायक' बंद पडला तर १९२७ ला 'बहिष्कृत भारत', मग १९३० ला 'जनता', मग १९५६ ला 'प्रबुद्ध भारत'. एकेक अंक वस्तीत जायचा आणि एक वाचणारा न वाचणाऱ्या कित्येकांना वाचून दाखवायचा. ही आपली वाचनसंस्कृती. ती ओसरीवर, चावडीच्या मागं, गिरणीच्या चाळीत झाली. वामनदादा कर्डकांचं सांगतात, चाळीत कुणीतरी पत्र वाचून घ्यायला त्यांच्याकडं आलं आणि त्यांना वाचता येईना. ती लाज जिव्हारी लागली आणि ते अक्षर शिकले. एका पत्रानं, ज्याला पत्ता होता, आपल्याला हजारो गाणी दिली.

आता सगळ्यात मोठ्या पेटीकडं येतो.

६ डिसेंबर १९५६ नंतर बाबासाहेबांचे हातानं लिहिलेले, टाईप केलेले, अर्धे राहिलेले ग्रंथ दिल्लीत पेट्यांमध्ये पडून राहिले. कोर्टकचेऱ्या झाल्या. काही कागद पाण्यानं खराब झाले, काही गहाळ झाले. वीस वर्षं. ज्या माणसानं देशाची घटना लिहिली त्याचे कागद वीस वर्षं बंद पेटीत! ती पेटी आपोआप उघडली नाही. माणसांनी मागणी लावून धरली, १९७६ ला सरकारला समिती नेमावी लागली, वसंत मून धूळ खात पानं जुळवत बसले, तेव्हा १९७९ ला पहिला खंड आला. १९८७ ला चौथा खंड आला, 'रिडल्स इन हिंदुइझम', आणि काय गहजब झाला ते आपल्या बापांना विचारा. राम-कृष्णावरचं परिशिष्ट गाळा म्हणून ओरड झाली, खंडाची होळी झाली, सरकार वाकायला लागलं. तेव्हा १९८८ च्या फेब्रुवारीत लाखो माणसं मुंबईच्या रस्त्यावर उतरली. त्यातल्या किती जणांना इंग्रजी येत होतं? त्यांनी तो ग्रंथ वाचला नव्हता. पण हे पत्र आपल्या नावाचं आहे, हे त्यांना ठाऊक होतं. आपल्या नावाचं पत्र दुसरा फाडतोय म्हटल्यावर माणूस उठतो. बाटलीसाठी कुणी मोर्चा काढत नाही.

आणि मोर्चा थांबला की काय होतं तेही पाहिलंत. २०२१ साली मुंबई हायकोर्टाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, की बाबासाहेबांच्या खंडांसाठी आणलेला कोट्यवधी रुपयांचा कागद नुसता पडून आहे आणि खंड छापले जात नाहीत. पेटी तीच. आता तिला गोदाम म्हणतात.

मग आपली उपमा कुठली? आपल्याकडं एक जुना शब्द आहे. सांगावा.

गावात मयत झालं की पावण्यारावळ्यांच्या गावी खबर कोण न्यायचं? आपला आज्या. तराळ, येसकर, महार. काठी घ्यायची, रात्र असो की पाऊस, दहा कोस चालायचं, पाटलाच्या वाड्यासमोर लांब उभं राहून ओरडून सांगायचं, परत यायचं. सरकारचं टपालही आपणच न्यायचं. या मुलखाचं पोस्ट आपण होतो! याचा मी गौरव करत नाही. ती वेठ होती. तोंड आपलं, शब्द त्यांचे. पाय आपले, काम त्यांचं. मजुरी म्हणून शिळी भाकर. बाबासाहेबांनी १९२८ साली कायदेमंडळात वतनाविरुद्ध बिल आणलं ते हे जू मानेवरून उतरवायला. आपण ती काठी टाकली, बरं झालं टाकली.

पण त्या चालण्यात एक गोष्ट होती ती आपली आहे. सांगावा नेणारा पोचल्याशिवाय थांबत नव्हता. कुणाला सांगायचं ते त्याला माहीत असायचं. ऐकणाऱ्यानं ऐकलं की नाही ते तो बघायचा, आणि जबाब घेऊन परत यायचा. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या मढ्याचा सांगावा नेणारी आपली जात, आता स्वतःच्या जगण्याचा सांगावा न्यायची वेळ आली तर म्हणते, पाण्यात सोडून देतो?

अमेरिकेतल्या काळ्यांचं साहित्य आपल्याकडं कसं आलं ते आठवा. अटलांटिक ओलांडून वाहत आलं नाही. मिलिंद कॉलेजचे म. ना. वानखेडे तिकडं जाऊन शिकून आले, ते घेऊन आले. जनार्दन वाघमाऱ्यांनी लिहिलं, पानतावण्यांनी औरंगाबादेतून 'अस्मितादर्श' चालवलं, पोरांनी ते हातोहात फिरवलं. १९६६ ला ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर, १९७२ ला मुंबईत दलित पँथर. मधल्या सहा वर्षांत कुणीतरी चाललंय, तेव्हा ते पोचलं.

आता मी माझ्या कामाचं सांगतो, कारण ते इथं लागतं. मी सळईच्या मिलमध्ये आहे. जालन्याच्या भट्ट्यांना लोखंड लागतं आणि ते भंगारातून येतं. त्या ढिगात पत्र्याच्या पेट्या येतात. आपल्या घरोघरी असायच्या तशा, कडी-कोयंड्याच्या, झाकणावर रंगानं नाव घातलेल्या. पेटी चेपते आणि भट्टीत जाते. आत काय होतं ते कुणी विचारत नाही, कारण ते आधीच रद्दीत गेलेलं असतं. नामांतराच्या लढ्यातली पिढी आता म्हातारी झालीय, रोज कुणी ना कुणी जातंय. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं ठराव केला आणि मराठवाड्यात आपली घरं पेटली. १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं. मधली सोळा वर्षं कुठं लिहिलेली आहेत? थोडी पुस्तकात. बाकीची त्या पेट्यांत. हँडबिलं, तुरुंगातली पत्रं, जलशाच्या वह्या, जळालेल्या घरांच्या याद्या. म्हातारा गेला की पोरं घर आवरतात. कागद किलोवर, पेटी किलोवर.

कवी मित्रा, तू शंभर वर्षांनी येणाऱ्या वाचकाची वाट बघतोयस, आणि तुझ्या शेजारच्या घरातून शंभर वर्षांची चिठ्ठी रद्दीत चाललीय.

म्हणून नुसतं भांडून थांबत नाही, काम सांगतो. हा अंक हातात पडला की वाचून उशाखाली ठेवू नका. ज्याला वाचता येत नाही अशा एकाला तरी वाचून दाखवा, त्याचं म्हणणं ऐका आणि ते लिहून आणा. तेच पुढच्या अंकाचं पान. आपापल्या वस्तीतल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी या महिन्यात जा. पेटी उघडा. विकत मागू नका, उचलून आणू नका. तिथंच बसून वाचा, नक्कल करा, कुणाच्या घरी काय आहे त्याची वही ठेवा. मंठा, परतूर, अंबड, भोकरदन, प्रत्येक तालुक्याची एक वही. ती वही एकाकडं ठेवू नका, तिघांकडं ठेवा. पुरलेली जागा ठाऊक असलेला एक तरी जगला पाहिजे, हे वॉर्सानं शिकवलंय. आणि लिहायला बसाल तेव्हा आधी वर नाव लिहा. कुणाला सांगायचंय? मायला? पाटलाला? कलेक्टरला? नाव लिहिलं की भाषा आपोआप सरळ होते, आणि खोटं लिहिताना हात अडतो.

ज्यांना समुद्र आहे त्यांनी बाटल्या सोडाव्यात. आपल्याला रस्ता आहे, आणि चालायची सवय तर फार जुनी आहे.

पुढच्या अंकासाठी मी अंबड तालुक्यातल्या तीन घरांत जाणार आहे. तुम्ही कुठं जाताय ते कळवा.

जय भीम.